समोरची दाढ

दाढेवर टोपी बसवून झाली की खुर्चीतून उठता उठता पेशंट एकच प्रश्न विचारतो, "किती वर्षं टिकेल?" आमच्या धंद्यात याची ठरलेली उत्तरं आहेत आणि मी ती तोंडभर हसून देते. पण उत्तर देत असताना मला दर वेळी रायपूरच्या बुढापारा वस्तीतला एक अरुंद लाकडी जिना दिसतो, जिन्याच्या वरची खोली दिसते, आणि खिडकीशी पाठ करून बसलेले रामटेके काका म्हणतात, "ते टोपीले काय माहीत? ज्याच्या तोंडात हाय त्याले विचारा."

काकांना जाऊन आता काही वर्षं झाली. रायपुरात त्या काळी ज्यांनी ज्यांनी दाढेवर टोपी बसवली, त्यांतल्या कितीतरी जणांच्या तोंडात आजही काकांच्या हातचं काम आहे आणि त्यांना काकांचं नावही ठाऊक नाही. दात डॉक्टर बसवतो, म्हणून तो डॉक्टरचा. बनवणारा माडीवर. काकांना याचं काही वाटत नसे. त्यांना आयुष्यात वाईट वाटलं ते एकाच दाढेचं. शेकड्यांनी लोकांच्या दाढा सांभाळणाऱ्या या माणसाला घरातली एक दाढ सांभाळता येईना, आणि ती त्यांच्या बायकोची होती.

राज्य नवं झालं त्या वर्षी मी समता कॉलनीत दवाखाना थाटला. लग्न होऊन नागपूरहून इथे आले तेव्हा रायपूर म्हणजे एक मोठं, सुस्त गाव होतं. दुपारी दोन ते पाच शहर सरळ झोपायचं. राजधानी झाल्यावर त्याला कुणीतरी गदागदा हलवून उठवलं आणि तोंड धुवायलाही वेळ न देता कामाला लावलं. भोपाळहून फायली आल्या, फायलींमागे साहेब आले, साहेबांमागे जमिनीचे दलाल आले. मला पेशंट मिळू लागले. आता टोप्या कुणाकडून करून घ्यायच्या असं मी एका जुन्या डॉक्टरांना विचारलं, तर ते म्हणाले, "बूढ़ापारा में रामटेके भैया हैं. काम पक्का है, आदमी थोड़ा टेढ़ा है."

मी कंपाउंडरबरोबर पहिलं माप पाठवलं. एका जमीन-दलालाची खालची उजवी दाढ, वर चिठ्ठी. तिसऱ्या दिवशी दवाखान्याच्या दारात एक लुना थांबली. इस्त्रीचा पांढरा अर्ध्या बाह्यांचा शर्ट, अंगाने काडीसारखे, चष्म्याच्या एका काचेवर दोऱ्याने बांधलेलं भिंग. भिंग त्यांनी वर केलं, माझ्याकडे पाहिलं, म्हणजे माझ्या डोळ्यांकडे नाही, कानाखाली जबडा वळतो तिथे पाहिलं. कुणालाही भेटले की ते आधी तिथे बघत. मग ओल्या फडक्यात गुंडाळलेलं माझंच माप त्यांनी टेबलावर ठेवलं.

"माप बरोबर हाय, डॉक्टरीण बाई. आता माणूस पाठवा."

"माणूस कशाला?"

"खाताना पाह्यचा हाय."

मला वाटलं, टेढ़ा म्हणतात तो हाच. नव्या नव्या डिग्रीचा तोराही होता. मी म्हटलं, "काका, मापात सगळं येतं."

"मापात दाढ येते जी. चावणं नाही येत."

इतकं बोलून ते उठले आणि लुनाला पायडल मारू लागले. मी चिडले, पण बुढापाऱ्यात दुसरा कोण होता? मुकाट्याने दलालाला पाठवलं, आणि काय चालतं ते बघायला मागोमाग मीही गेले.

ती खोली मी पहिल्यांदा पाहिली ती दुपारी. खाली गल्लीत स्कूटरींची चेंगराचेंगरी, आणि वर मात्र सगळं निवांत. खिडकीतून बुढा तलाव दिसायचा आणि पाण्यावरचा उजेड छतावर हलत राहायचा. तीन भिंतींना फळ्या आणि फळ्यांवर प्लास्टरचे जबडे, वरचा आणि खालचा एकमेकांवर मिटून, प्रत्येकावर पेन्सिलीने नाव. अर्धं शहर तिथे तोंड मिटून उन्हात बसलं होतं. मेणाचा वास होता. खोलीत शिरलं की आपोआप हळू बोलावंसं वाटे. झोपलेल्या लोकांत आल्यासारखं वाटे.

दलालाला त्यांनी खुर्चीवर बसवलं आणि हातात फुटाण्यांची वाटी दिली. "खाइए." तो बिचारा खात राहिला. काका समोर अर्धे डोळे मिटून बसले. पाच मिनिटं फक्त फुटाणे वाजत होते. मग ते मला मराठीत म्हणाले, "दिवसा हे डावीकून चावते. पण मापात उजवीकडच्याच दाढा घासल्या हायेत. म्हणजे हे झोपेत उजवीकून चावते." आणि त्याला हिंदीत विचारलं, "भैया, नींद में दाँत पीसते हो?"

दलाल दचकला. "घरवाली ने फोन किया क्या आपको?"

ती टोपी काकांनी पोर्सेलिनची न करता साध्या धातूची केली, माथा पसरट ठेवला, आणि ती दलालाच्या तोंडात अशी बसली की महिन्याने तो म्हणाला, मॅडम, कौनसी वाली थी वो, मैं भूल गया. आमच्या कामात याहून मोठी शाबासकी नाही. त्या दिवसापासून मी काकांकडे माणसं पाठवू लागले आणि तोरा दवाखान्यात ठेवून स्वतःही जाऊ लागले.

दाढेवर केवढा भार येतो हे मी पुस्तकात वाचलं होतं. समजलं ते काकांच्या टेबलावर. त्यांनी सुपारी आणि अडकित्ता पुढे केला. "फोडा." मी सुपारी आत, बिजागरीजवळ ठेवली आणि फोडली. "आता टोकाशी धरून फोडा." टोकाशी ती फुटेना, निसटली. "हे असं हाय. जबड्याची बिजागरी कानापाशी. पुढचे दात टोकाशी, दाढा बिजागरीपाशी. पुढच्या दातानं माणूस पेरू खाते. दाढेवर तोच माणूस पूर्ण उभा राह्यते, आपलं सारं वजन घेऊन." थोडं थांबून ते म्हणाले, "अन् झोपेत तर नाचते."

हे झोपेतलं चावणं म्हणजे त्यांचा खास विषय. दिवसा घास मऊ लागला की माणूस दाब कमी करतो, खडा लागला की थांबतो. झोपेत थांबवणारं कुणी नसतं. समोर भाकर नसते, काही नसते, दाढेवर दाढ घासत राहते. फुटलेली टोपी दुरुस्तीला आली की काका ती भिंगाखाली धरत आणि तिच्यावरच्या घासल्याच्या रेघा वाचत. लोक हात बघतात तसे हे टोपी बघत. एकदा मला म्हणाले, "राजधानी झाली तवापासून दाढा लय फुटून राहिल्या. आधी हे शहर झोपे. आता झोपेत चावते." मी हसले, पण माझ्या रजिस्टरातही तेच दिसत होतं.

भोपाळहून बदलून आलेले एक साहेब होते. मागची दाढ, पण टोपी पांढरीच हवी. का, तर हसताना दिसते. साहेबांना हसताना मी कधी पाहिलं नाही, पण ते असो. पांढऱ्या टोपीचा वरचा थर एकदा उडाला, पुन्हा केली, पुन्हा उडाला. साहेब माझ्यावर भडकले, मी त्यांना घेऊन बुढापाऱ्यात गेले. साहेब रुमालाने खुर्ची झटकून बसले. काकांनी फुटाणे दिलेच नाहीत. तुटलेली टोपी भिंगाखाली बराच वेळ फिरवली आणि अगदी आदराने विचारलं, "साहब, बंगला मिला?"

साहेबांनी हातातला रुमाल चुरगाळला. मग एकदम फुटले. आठ महिने रेस्ट हाऊसच्या एका खोलीत, बायको आणि दोन मुलं भोपाळला, यांच्यामागून आलेल्याला बंगला मिळाला आणि यांची फाईल दाबून ठेवली. पंधरा मिनिटं ते बोलत होते आणि काका मेण कोरता कोरता "हव... हव" करत होते. शेवटी काका म्हणाले, "तब तक प्लास्टिक की टोपी लगा लो साहब. टूटेगी तो दूसरी दे दूँगा. बंगला मिल जाए, तब पक्की बनाएँगे." बंगला पावसाळ्यानंतर मिळाला. पक्की टोपी बसली ती बसलीच. साहेब पुढे दवाखान्यात आले तेव्हा खरंच हसले, आणि दाढ दिसली.

मीच एकदा हट्ट धरला होता. कुस्तीची आवड असलेल्या एका जवान पेशंटसाठी म्हटलं, काका, बाजारात नवीन धातू आलाय, कडक, त्याचीच करा, फुटायची भानगडच नको. काकांनी चष्मा काढला. एरवी मऊ बोलणारा माणूस, पण त्या दिवशी आवाज चढला.

"मंग काय फुटन? दोघं भांडून राहिले तर एकाले नमतं घ्या लागते का नाही? आपली टोपी फुटली तर आपण दुसरी करू. टोपी ज्या दाढेवर आपटते ते समोरची दाढ त्याच्या मायबापानं देल्ली हाय, तिले हात लागला नाही पाह्यजे. टोपी नेहमी समोरच्या दाढेपेक्षा कमजोर पाह्यजे. ध्यानात ठेवा."

मी ध्यानात ठेवलं. पंचवीस वर्षं मी माझ्याकडे शिकायला येणाऱ्या प्रत्येक मुलीला हेच सांगत आले आहे. म्हणून पुढचं सांगताना मला अजून जड जातं.

काकांची मुलगी सुषमा. खिडकीच्या दुसऱ्या बाजूला तिचं टेबल. शाळा सुटली की दप्तर टाकून ती मेण कोरायला बसायची, आणि कॉलेज संपेतो तिचा हात असा झाला की तिने कोरलेली दाढ आणि तोंडातली दाढ शेजारी ठेवली तर मला फरक कळत नसे. घरात सगळे मराठी बोलत, ती उत्तर हिंदीत देई. काका म्हणत, "पोट्टीच्या हाताले डोळे हायेत." हे तिच्यासमोर कधीच म्हणत नसत. तिच्यासमोर म्हणत, "हे काय? दाढ हाय का बटाटा?" ती म्हणे, "आलू है पापा, छील के दूँ?" आणि तिची आई, शांताकाकू, चहा घेऊन जिना चढत असायच्या, त्या खालूनच हसायच्या. त्यांचं हसणं आधी वर यायचं, मग चहा.

मग सुषमाला नागपूरहून बोलावणं आलं. एका मोठ्या लॅबमध्ये मशीन आलं होतं. दाढेचा फोटो आत घ्यायचा, पडद्यावर दाढ कोरायची, आणि मशीन ती पांढऱ्या दगडासारख्या ठोकळ्यातून कातून देणार. तिला हे पाहायचंच होतं. मी त्या दिवशी नेमकी तिथे होते. काका आरडाओरडा करणारे नव्हतेच. ते इतकंच म्हणाले, "मशीनले चावता येते का?"

"पापा, मशीन को मैं सिखाऊँगी ना."

"जा मंग. शिकव." आणि भिंग खाली घेऊन कामाला लागले. सुषमा थोडा वेळ उभी राहिली. तिला वाटलं असावं, आता हे काहीतरी बोलतील, निदान बटाटा म्हणतील. ते बोलले नाहीत. ती गेली त्या दिवशी नाही, नंतर फोनवर नाही. काकू फोन त्यांच्याकडे करायच्या, ते मान हलवून चावा तपासायचा निळा कागद हुडकू लागायचे.

दर दसऱ्याला काका-काकू नागपूरला दीक्षाभूमीवर जात. वर्षानुवर्षांचा नेम होता, अंगात ताप असला तरी चुकला नाही. सुषमाची लॅब तिथून जवळच होती. पहिल्या वर्षी काकूंनी पांढऱ्या साडीच्या पदरात मुलीसाठी लाडू बांधून नेले. वंदन झालं, गर्दीतून बाहेर आले, काकूंनी रस्त्याकडे पाहिलं, आणि काका घड्याळ बघून म्हणाले, "गाडीची वेळ झाली." काकूंनी लाडू परत आणले. हे त्यांनीच मला सांगितलं, दात साफ करायला आल्या तेव्हा, आणि सांगताना कपाळावर आठी नव्हती. "मनाई थोडीच केली त्यायनं," म्हणाल्या. "वेळ झाली होती ना गाडीची."

त्याच हिवाळ्यात त्यांच्या खालच्या डाव्या दाढेवरची टोपी फुटली. ती काकांनी फार पूर्वी केलेली, पंधरा-एक वर्षं जशीच्या तशी राहिलेली. काकांनी नवी केली. ती सहा महिन्यांत गेली. मी म्हटलं, काका, काकू झोपेत चावतात का? ते मेण तापवत राहिले. काकूंना विचारलं तर म्हणाल्या, "मले काय माहीत बाई, मी तं झोपली राह्यतो." मी रात्री दातांमध्ये ठेवायची प्लास्टिकची वाटी सुचवली, काकांनी ती सुरेख करून दिली, काकूंनी ती इमानाने घातली आणि तीन महिन्यांत तिच्या आरपार भोक पडलं.

मग पूर्ण धातूची टोपी झाली. तिचाही माथा झिजून पातळ झाला. दुसऱ्या कुणाची टोपी अशी परत आली असती तर काकांनी तिच्यावरच्या रेघा वाचल्या असत्या, खुर्चीवर बसवून विचारलं असतं, काय झालं जी, कोण आठवते? या टोपीवरच्या रेघा त्यांना वाचता येत नव्हत्या असं मला कुणी सांगू नये. काका ती भिंगाखाली धरायचेच नाहीत. खिशात टाकायचे आणि म्हणायचे, "आणखी मजबूत करू."

आणि मला त्यांचा राग येतो तो इथे. माझाही येतो. चौथी टोपी त्यांनी आणून दिली तेव्हा ती हातात घेताच वजन कळलं. हा तोच कडक धातू होता, ज्याच्यावरून त्यांनी मला झाडलं होतं. मी त्यांच्याकडे पाहिलं. ते खिडकीबाहेर पाहत होते. मी म्हणायला हवं होतं, काका, समोरच्या दाढेचं काय? म्हटलं नाही. वयाचा मान, हाताचा मान, काय काय कारणं असतात माणसाकडे. मी ती बसवली.

ती फुटली नाही. दीड वर्षाने काकू गालावर हात धरून आल्या. खालची टोपी नव्यासारखी चकचकत होती, आणि वरची, समोरची दाढ, जिला आजवर कुणाचं हत्यार लागलं नव्हतं, ती उभी चिरली होती, मुळापर्यंत. वाचवण्यासारखं काही नव्हतं. मी ती काढली. काका बाहेर बाकावर बसले होते. काढलेली दाढ दोन तुकड्यांत होती. मी ती ट्रेमध्ये ठेवत होते तेवढ्यात ते आत आले आणि त्यांनी तळहात पुढे केला.

दोन्ही तुकडे त्यांनी तळहातावर जुळवले. चष्म्यावरचं भिंग खाली घेतलं. इतक्या वर्षांत त्यांनी पहिल्यांदा बायकोचा दात भिंगाखाली पाहिला. बराच वेळ पाहिला. काकूंच्या तोंडात कापूस होता, त्यांना बोलता येत नव्हतं. त्या नुसत्या नवऱ्याकडे बघत होत्या.

"हे माह्यानं फुटली," काका म्हणाले.

मी काहीतरी म्हणू लागले, वय, हाडं, असं होतं कधीकधी. त्यांनी हात वर करून मला थांबवलं. "मजबूत, मजबूत करत गेलो. ओझं कमी कराचं सोडून." मग खुर्चीच्या हातावर काकूंचा हात होता, त्याच्यावर त्यांनी आपला हात ठेवला. तेव्हा त्यांचे डोळे भरले होते आणि माझेही, आणि कुणी ते लपवलं नाही.

जागा रिकामी ठेवून चालणार नव्हतं, दोन्ही बाजूंच्या दातांना धरून ब्रिज करावा लागणार होता. जखम भरल्यावर मी माप घेतलं आणि सवयीने काकांच्या हातात दिलं. त्यांनी त्याच्यात प्लास्टर ओतलं, जबडे सुकवले, आणि दुसऱ्या दिवशी घेऊन माझ्याकडे आले.

"याचा ब्रिज मी नाही करत."

"मग कोण करणार काका?"

"नागपूरले पाठवतो."

"कुठल्या लॅबला?"

ते रागावले. "तुम्हाले माहीत हाय कोणत्या."

मी कुरिअरवाल्याचं नाव सुचवलं. ते म्हणाले, "नाही जी. कुरिअरमधी प्लास्टर फुटते." रायपूरहून वर्षानुवर्षं प्लास्टर कुरिअरने जात-येत होतं आणि त्यांनाही ते ठाऊक होतं. दसऱ्याला अजून चार महिने होते. त्यांनी जबडे कापसात गुंडाळून स्टीलच्या डब्यात ठेवले आणि त्याच आठवड्यात काकूंना घेऊन गाडीत बसले.

ब्रिजचं सांगून टाकते, म्हणजे कुणाच्या मनाला चुटपुट नको. तो महिन्याभरात आला, मी बसवला, काकूंच्या तोंडात आजही आहे. काकाही नंतर बरेचदा भेटले. पण त्यांची आठवण निघाली की ती थांबते त्या परतीच्या गाडीत.

मी आईला बघायला नागपूरला गेले होते आणि परत येताना तेच दोघं माझ्या डब्यात निघाले. बाहेर दुपार होती. डोंगरगढ मागे पडलं होतं, उन्हात डोंगर अर्धवट विरघळलेले दिसत होते, डब्यातले लोक पेंगत होते. काका खिडकीशी, काकू त्यांना टेकून गाढ झोपलेल्या. मला पाहून काकांनी भुवयांनीच बसा म्हटलं. मी समोर बसले आणि हळूच विचारलं, "भेटली का सुषमा?"

"भेटली."

"काय म्हणाली?"

"माय-लेकी गळ्यात पडून रडल्या, मी उभा होतो. मंग तिनं डबा उघडला. जबडा पाह्यला, मायचं तोंड उघडून टोपी पाह्यली. मले म्हणते, पापा, इतना हार्ड मेटल किस गधे ने लगाया?"

"मग?"

"मंग काय. मी म्हटलं, मी."

त्यांनी काकूंचं डोकं आपल्या खांद्यावर नीट टेकवलं. मग ते आपण होऊनच बोलू लागले. "मशीन पाह्यली. चांगली हाय. पण दाढ पोट्टीच कोरते जी, पडद्यावर. मी मागं उभं राहून पाह्यलं. दाढेचा कंगोरा फिरवते ना ती, तो माह्यासारखाच फिरवते." सांगताना त्यांनी बोट हवेत फिरवलं, पण फक्त बोट. खांदा हलू दिला नाही.

मग त्यांनी मला खुणेने जवळ वाकायला सांगितलं. "ऐका."

मी कान दिला. रुळांचा आवाज होता, लांब कुठेतरी चहावाला ओरडत होता. "काय ऐकू?"

"काहीच नाही ना?" ते कुजबुजले. "चार वर्षं मी बाजूले झोपून तो आवाज ऐकला, बाई. दगडावर दगड घासल्यावानी. मी कूस बदलून झोपून जाय."

मी काकूंकडे पाहिलं. ओठ जरासे उघडे होते. खालचा जबडा सैल सुटला होता, झोपेत सुटायला हवा तसा, आणि वरचे-खालचे दात एकमेकांना शिवत नव्हते. गालावर, कानाखाली, जिथे काका सगळ्यांना बघायचे, तिथे काही हलत नव्हतं.

दुर्ग गेलं, भिलाई गेलं. रायपूर आलं तसे लोक उठले, सामानाची ओढाओढ सुरू झाली. काका हलले नाहीत. मी म्हटलं, "काका, रायपूर."

"हव. थांबते गाडी."

मी उतरले आणि फलाटावरून खिडकीपाशी आले. काकू तशाच झोपलेल्या होत्या. मी घड्याळ दाखवलं. काकांनी झोपलेल्या काकूंकडे बोट दाखवलं आणि हातानेच सांगितलं, तुम्ही व्हा पुढे. मग गाडी हलली. ती पुढे बिलासपूरला जाणारी होती आणि ते दोघं आतच होते.